सही करण्याआधी बिल बघा, ताई

पालक आणि शाळा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. जिल्हा परिषद शाळांची पत्रं जास्त होती, म्हणून उत्तरांचा भारही तिकडेच आहे.

प्रश्न : आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. पट 28 मुलांचा. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मला केलं. गुरुजी कागद घेऊन घरी येतात, मी सही करते. आता गावातले विचारतात, शाळेला येणाऱ्या पैशांचं काय होतं? मला सांगता येत नाही. (एक अध्यक्ष, जालना जिल्हा)

उत्तर : आधी आकडा माहीत करून घ्या. 'समग्र शिक्षा' या शाळांसाठीच्या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्यापुढे 1 लाख. ही वरची मर्यादा समजा. एखाद्या वर्षी कमी येतं, कधी हप्त्यांनी येतं. त्यातले निदान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

तुमच्या शाळेचं गणित मांडून बघा. 10,000 मधले 1,000 स्वच्छतेचे. वीजबिल महिन्याला 600 धरलं तर वर्षाचे 7,200. उरले 1,800. एवढ्यात खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, तुटलेली कडी आणि वर्षभराचं शैक्षणिक साहित्य. शाळेला लाखो रुपये येतात अशी गावात बोलवा असते. तिच्यावर उपाय एकच : हे गणित मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या व्हरांड्यात लावा. (यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीवर तीन मुलं जास्त नोंदली गेली असती तर मर्यादा अडीचपट झाली असती, हेही त्यातून गावाला कळेल.) क्रीडासाहित्याचं अनुदान वेगळं असतं. प्राथमिक शाळेला ते 5,000 पर्यंत मिळतं.

आता सहीचं. हल्ली पैसे चेकने निघत नाहीत, पीएफएमएस या सरकारी प्रणालीतून निघतात. शाळा संगणकावर देयक भरते, त्याचा छापील कागद निघतो, त्यावर मुख्याध्यापक आणि अध्यक्षांच्या सह्या होतात आणि तो बँकेत जातो. या कागदाची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून गुरुजी घाईत असतात. त्यात दरवेळी संशय घेण्यासारखं काही नसतं. पण घरी सही करू नका. "मी शुक्रवारी परिपाठाला येते, तेव्हा करू," असं सांगा. शाळेत गेल्यावर कागदावर दुकानदाराचं नाव आणि रक्कम बघा, शेजारी बिल ठेवून ते जुळतं का बघा, आणि मग वस्तू बघा. बिलात 6 सतरंज्या असतील तर साठा नोंदवहीत 6 आणि खोलीतही 6 हव्यात. वाचताना अडचण येत असेल तर समितीतल्या दुसऱ्या एखाद्या आईला सोबत न्या. शाळेला मिळालेल्या पैशांच्या वापरावर लक्ष ठेवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने समितीला दिलेलं काम आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यात धोक्याची सही इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावरची. "ताई, खाली करा, वर मी नंतर लिहितो." असं करू नका. ठराव बैठकीतच लिहून घ्या, मोठ्यानं वाचायला सांगा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं घाला आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून मग सही करा. पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाका.

खरा घोटाळा बहुतेकदा मार्चमध्ये होतो आणि त्याचं कारण चोरीपेक्षा घाई असतं. अनुदान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, 31 मार्चपर्यंत खर्चलं नाही तर परत जातं. त्या आठवड्यात एखादा पुरवठादार साहित्याचा तयार संच आणि तयार बिल घेऊन दारात उभा राहतो. शाळेकडे स्वतःची यादी नसेल तर तो संच घेतला जातो आणि कपाटात पडून राहतो. म्हणून जुलै-ऑगस्टच्या बैठकीतच पाच गोष्टी क्रमानं ठरवा, प्रत्येकीची किंमत दोन-तीन दुकानांतून लेखी आणा आणि तसा ठराव करा. पैसे आले की यादीतली पहिली वस्तू घ्यायची.

प्रश्न : पालकसभेला कितीही निरोप पाठवा, तेच सात-आठ जण येतात. पहिली-दुसरीत 24 मुलं आहेत. समितीची प्रशिक्षणं झाली, अधिकार सांगून झाले. काय करावं? (एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : अधिकार सांगून फारसं काही हलत नाही, हे तपासून झालेलं आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत 'प्रथम' संस्थेसोबत एक अभ्यास झाला, तो 2010 साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. काही गावांत लोकांना शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. त्यानं पालकांचा सहभाग वाढला नाही. काही गावांत गावातल्याच तरुणांना वाचनवर्ग कसे घ्यायचे ते शिकवलं, तिथं वर्गाला येणारी मुलं वाचायला लागली. लोकांना करता येण्याजोगं काम हातात मिळालं की ते करतात. नुसतं ऐकायला बोलावलं तर रोज बुडवून कोण येणार? कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी तीनला सभा ठेवली तर आईनं मजुरीवर पाणी सोडायचं आणि भाषण ऐकायचं, असा तो सौदा होतो.

तुमच्याकडे शाळापूर्व तयारी अभियानातले माता पालक गट कागदावर असतील. 2022 पासून 'पहिले पाऊल'च्या मेळाव्यात ते केले गेले. नोंदणीचं टेबल, शारीरिक विकासाचं, भाषेचं, गणनपूर्व तयारीचं, असे टप्पे करत शेवटी आईच्या हातात आयडिया कार्ड, म्हणजे घरी मुलाकडून करून घ्यायच्या कृतींचं कार्ड. मेळावा छान होतो, फोटो निघतात, आणि जुलैपासून गट झोपी जातो. कारण पुढचं काम कुणी ठरवलेलं नसतं.

24 मुलांच्या मातांचे पाच गट करा, गल्ली किंवा वस्तीप्रमाणे. वर्गाप्रमाणे करू नका. रोज नळावर किंवा शेतावर ज्या भेटतात त्याच एका गटात हव्यात. प्रत्येक गटाला एक लीडर माता. ती सर्वांत शिकलेली असायची गरज नाही. जिच्या अंगणात बायका सहज बसतात ती बघा. आठवड्याला एकच कृती, तीही घरातल्या वस्तूंची. उदाहरणार्थ :

"मूठभर शेंगा ताटात ओता. मोजायच्या आधी मुलानं अंदाज सांगायचा. मग दहा-दहाचे ढीग करून मोजायच्या. अंदाज आणि खरा आकडा वहीत शेजारीशेजारी लिहायचा. उद्या पुन्हा, वेगळी मूठ."

भाकऱ्या थापता थापता हे होतं. चार दिवसांत अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळ येऊ लागतो आणि ते आईला दिसतं. वही सोमवारी शाळेत आणायची. तुम्ही त्यावर नुसती बरोबरची खूण करून परत पाठवलीत तर गट तीन आठवड्यांत थंडावतो. "काल 40 म्हणाला, निघाल्या 62. आज 55 म्हणाला," असं त्या मुलाच्या आकड्यावर बोललात तर टिकतो.

निरोप लेखी पाठवू नका. 40-45 सेकंदांचा तुमच्या आवाजातला संदेश पाठवा, संध्याकाळी साडेसातनंतर. बऱ्याच घरांत एकच फोन असतो, तो वडिलांसोबत कामावर जातो आणि रात्री परत येतो. सकाळी 11 ला पाठवलेला संदेश आईपर्यंत पोचतो तेव्हा मूल झोपलेलं असतं. या गटावर शासनाची परिपत्रकं, गुड मॉर्निंग, आधार कार्डाची मागणी, काहीही टाकू नका. त्यासाठी दुसरा गट काढा.

सभा महिन्यातून एक, वस्तीतच, मंदिराच्या पारावर किंवा अंगणवाडीत, रात्री जेवणानंतर, 40 मिनिटं. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. सुरुवात वह्या दाखवण्यानं करा. कुणाचं मूल मागे आहे हे चारचौघांत बोलू नका, एकदा बोललात तर ती आई पुन्हा येणार नाही. ते घरी जाऊन बोला. आठवड्याला सहा घरं केलीत तर चार आठवड्यांत 24 होतात.

खर्च विचारला नाहीत, तरी सांगतो, कारण पैसे नाहीत म्हणून हे राहतं असं बऱ्याच शाळा म्हणतात. लीडर मातेसाठी एक पान, 5 गट, 40 आठवडे, 2 रुपये प्रत : 400 रुपये. गोष्टींची 30 पुस्तकं, 40 रुपयांप्रमाणे : 1,200. दहा सभांना 25 जणींचा चहा, 10 रुपयांप्रमाणे : 2,500. एकूण 4,100. पानांच्या प्रती संयुक्त अनुदानातून, पुस्तकं ग्रंथालयाच्या अनुदानातून. चहा मात्र लोकसहभागातून करा, अनुदानात दाखवाल तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल. चहा नको म्हटलं तर खर्च 1,600 वर येतो, पण आमचं मत विचाराल तर चहा सोडू नका.

प्रश्न : शौचालयात पाणी नाही, हात धुवायला नळ नाही. ग्रामपंचायत म्हणते शाळेसाठी आमच्याकडे 'हेड' नाही. (समिती सदस्य, धाराशिव जिल्हा)

उत्तर : हेड, म्हणजे खर्चाची तरतूद, असतं. तुमचं काम त्यांच्या आराखड्यात नसतं, म्हणून तसं उत्तर मिळतं. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात ग्रामपंचायतीच्या अनुदानाचा 60 टक्के भाग बंधित होता, 30 टक्के पाण्यासाठी आणि 30 टक्के स्वच्छतेसाठी. तुमच्या दोन्ही मागण्या त्यात बसत होत्या. नवीन आयोगाबरोबर विभागणी बदलू शकते, तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) चालू वर्षाचं पत्र मागा. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात.

चुकतं ते वेळेचं. लोक जानेवारीत अर्ज देतात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते, ग्रामसभेत मंजूर होऊन तो ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढतो, आणि त्यात नसलेल्या कामाला पुढे वर्षभर पैसे निघत नाहीत. म्हणजे तुमचा ठराव सप्टेंबरमध्ये तयार हवा. त्यासोबत शाळा विकास आराखडा जोडा. हा तीन वर्षांचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग असतो, आणि स्थानिक प्राधिकरणानं शाळेला द्यायच्या अनुदानाचा आधार हाच, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 22 सांगतं. ग्रामसभेत हे कलम मोठ्यानं वाचा.

"शौचालयाची सोय करावी" असं मोघम लिहू नका. "500 लिटरची टाकी, पाइप इतके फूट, मुलांच्या उंचीला 6 तोट्यांचं हात धुण्याचं ठिकाण, सांडपाण्याला शोषखड्डा" असं मापानं लिहा आणि गावातल्या प्लंबरकडून अंदाज घेऊन जोडा. सर्वांत लहान मुलाचा हात पोचेल तेवढीच तोटीची उंची ठेवा. गवंड्याला सांगितलं नाही तर तो मोठ्या माणसाच्या कमरेएवढी करतो आणि पहिलीची पोरं चवड्यांवर उभी राहतात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. विषय तिथे मांडा, तिथून आलेला ठराव ग्रामसभेत बाजूला सारणं अवघड जातं.

प्रश्न : माजी विद्यार्थी शाळेला देणगी देणार आहेत. सध्या पैसे मुख्याध्यापकांच्या फोनवर यूपीआयनं येतात. हे योग्य आहे का? आणि प्रवेशाच्या वेळी पालकांकडून 500 रुपये घेतले तर? (पालक, सातारा जिल्हा)

उत्तर : दोन्ही नको. मुख्याध्यापक कितीही सरळ असले तरी त्यांच्या वैयक्तिक खात्यातला पैसा शाळेचा म्हणून सिद्ध करता येत नाही, आणि त्यांची बदली झाली की हिशेबही बदलीच्या गावी जातो. समितीच्या नावाचं वेगळं बचत खाते हवं. सरकारी योजनांचं जे शून्य शिल्लक खाते आहे ते नाही, त्यात देणगी टाकायची नसते. दोन सह्या, क्रमांकाचं पावतीपुस्तक आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षण.

प्रवेशाशी जोडलेली कोणतीही सक्तीची वर्गणी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे बेकायदा आहे, दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. 'विकासनिधी' नाव दिलं म्हणून सुटका नाही.

पैशांऐवजी वस्तू देणार असतील तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेच्या यू-डायस क्रमांकानं नोंदणी करून गरज लिहिता येते. वस्तू आली की जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच दिवशी चढवा. आणि घेण्याआधी दात्यालाच विचारा, हिचा वर्षाचा खर्च कोण देणार? आरओ मशीन मिळतं, फिल्टर बदलायला पैसे नसतात, दुसऱ्या वर्षी त्यावर चिमण्या बसतात. मोठा टीव्ही येतो, वीज तोडलेली असते. बोलक्या भिंतींवर दाते खूष असतात, कारण रंग फोटोत दिसतो. लीडर मातांच्या 40 आठवड्यांच्या पानांना 400 रुपये लागतात, ते द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. माजी विद्यार्थ्यांना हे थेट सांगा. दहा जणांनी दरमहा 100 दिले तर वर्षाला 12,000 होतात, म्हणजे पट 30 पर्यंतच्या शाळेच्या संयुक्त अनुदानापेक्षा जास्त.

प्रश्न : आमच्या तांड्यावरचे निम्मे आईबाप दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. पालकच नाहीत तर सहभाग कुणाचा? (शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : आजीचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मध्ये 'माता-पिता किंवा पालक' असे शब्द आहेत, म्हणजे सांभाळ करणारी आजी समितीवर येऊ शकते. तुमच्या समितीत 12 पालक असतील तर दोन जागा अशा घरांना ठेवा, नाहीतर नोव्हेंबरनंतर गणपूर्तीच होत नाही. (सोळा जणांच्या समितीत तीन चतुर्थांश म्हणजे 12 पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला.)

मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावानं जातो. इथंही सगळा खेळ तारखेचा. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयता (ऊसतोडीची जोडी) कुठल्या कारखान्याला जाणार हे गावाला महिना-दोन महिने आधी माहीत असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरोघर यादी करा : मुलाचं नाव, इयत्ता, आईबाप कुठे जाणार, मागे कोण राहणार, त्याचं वय काय. शेवटचा रकाना विसरू नका. सत्तरीच्या आजीला तीन नातवंडांचा स्वयंपाक झेपत नाही, म्हणून मुलं गाडीवर चढतात. वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळणार हे आईबापाला निघण्याआधी ठामपणे सांगता आलं पाहिजे. मंजुरी गाड्या गेल्यावर आली तर वसतिगृह रिकामं राहतं.

जी मुलं जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या. ते दाखवून कारखान्याच्या गावच्या शाळेत दाखल्याशिवाय बसता येतं. पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या, मुलाच्या दप्तरात नको. फडावरच्या कामाला वेळेचं बंधन नसतं, गाडी भरायची वेळ कधीही येते, तेव्हा फोन लावण्यापेक्षा आवाजी संदेश ठेवा. मुलानं वाचलेला एक उतारा ध्वनिमुद्रित करून दर रविवारी पाठवलात तर आई तो कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, शेजारणीला ऐकवते.

प्रश्न : खासगी शाळेनं फी वाढवली. पालक-शिक्षक संघाची संमती आहे म्हणतात, पण संघ कधी झाला हे कुणालाच माहीत नाही. (पालक, पुणे)

उत्तर : महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ झाला पाहिजे. प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो, आणि कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठी टाकून निवडायचे असतात. शाळेला तीन गोष्टी लेखी मागा : चिठ्ठीच्या दिवसाची सूचना, समितीची यादी आणि फीवाढ मान्य केलेल्या बैठकीचं इतिवृत्त. फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी समितीपुढे यायला हवा होता, तेव्हा इतिवृत्ताची तारीख आधी बघा. एकट्यानं भांडू नका. विभागीय शुल्क नियामक समितीकडे पालकांनी तक्रार करायची तर निदान 25 टक्के पालक लागतात, म्हणून सह्यांचं काम पहिल्या आठवड्यातच हाती घ्या.

प्रश्न : मला वाचता येत नाही. मुलगी तिसरीत आहे. मी घरी काय करू? (एक आई, नंदुरबार जिल्हा. पत्र शेजारच्या मुलीनं लिहून दिलं.)

उत्तर : तिला रोज दहा ओळी मोठ्यानं वाचायला सांगा आणि बोट शब्दांखालून फिरवायला सांगा. बरोबर वाचलं का हे तुम्हाला तपासायचं नाही. अडखळली का, हे कानाला कळतं. जिथे अडखळली तिथे पेन्सिलीनं टिंब काढायला लावा. वाचून झालं की पुस्तक मिटून "काय झालं त्यात?" विचारा, तुमच्या घरच्या भाषेत. नीट सांगता आलं नाही तर पुन्हा वाचायला सांगा. शनिवारी टिंबांचं पान बाईंना दाखवा. बाजाराची यादी तिच्याकडून लिहून घ्या, भावही तिलाच लिहू द्या, आणि परत आल्यावर उरलेले पैसे तिच्यासमोर मोजा.